दहा मीटर ढील

बँकेच्या दाराला पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीनं अडकवलेला असतो. त्यावर मार्करनं दोनच शब्द : 'लिंक नाही'. उसाचं बिल जमा झालं का ते बघायला आलेले आजोबा पुठ्ठा वाचतात, पायरीवर टेकतात आणि चंची सोडतात. तिकडे रेशन दुकानात अंगठा लागत नाही, सेतू केंद्रात सातबारा निघत नाही, कुणाच्या तरी पोरीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असतो. ही लिंक येते कुठून आणि जाते कुठं, याची चौकशी कुणी करत नाही. पावसासारखी ती आली तर आली. नाही आली, की माझा फोन वाजतो.

शिरूर आणि दौंड हे भीमेच्या दोन अंगांचे दोन तालुके. त्यांच्या मातीखालून गेलेली काचेची केबल सांभाळणं हे माझं काम. गावोगाव मला 'वायरवाला' म्हणतात. वायर सुटून जमाना झाला, नाव तेवढं चिकटून राहिलं.

वायरीचे दिवस निराळे होते. तांब्याला आपलं दुखणं सांगता यायचं. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की आधी फोनमध्ये खरखर सुरू व्हायची, मग मध्येच भलत्याच कुणाचं बोलणं ऐकू यायचं, आवाज खोल खोल जायचा आणि आठ-पंधरा दिवसांनी लाइन मरायची. तेवढ्या अवधीत आम्ही कानानंच निम्मा तपास केलेला असायचा. काच आजारी पडत नाही. आत्ता असते, आत्ता नसते. मग उरतं ते तुटलेलं टोक, आणि ते वाचता आलं पाहिजे. तांबं मिळेल या आशेनं कापलेलं टोक सरळ, एका झटक्यात तोडलेलं असतं. कापणाऱ्यानं आत काच बघून शिवी हासडलेली असणार. उंदरानं कुरतडलेल्या टोकावर दातांच्या बारीक खुणा असतात. पाचट पेटवल्यावर खांबावरची केबल वितळून लोंबते. उसाच्या ट्रेलरनं ओढून नेलेली असली तर दोन खांब सोडून भलतीकडेच तुटते. आणि जेसीबीचं टोक पिंजलेलं, सुतळीच्या टोकासारखं.

या केबलमधली काच जाडीला साधारण केसाएवढी, एका मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातही उजेड चालतो तो मधल्या गाभ्यातून. तो सुमारे 9 मायक्रॉनचा, म्हणजे असे शंभरावर गाभे शेजारी शेजारी मांडले तेव्हा कुठं एक मिलिमीटर भरतो. खिडकीची काच कडेनं बघा, आत हिरवट काळोख दिसतो. असल्या काचेतून मैलोगणती उजेड जाईल हे एके काळी कुणाला खरं वाटलं नसतं. 1966 साली चार्ल्स काओ यांनी इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत बसून मांडलं, की दोष काचेचा नाही, तिच्यात मिसळलेल्या अशुद्धीचा आहे; ती काढली तर काच उजेड वाहून नेईल. 1970 मध्ये अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या लोकांनी तसा तंतू ओढून दाखवला. आणि 1979 साली टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी देशातली पहिली प्रकाशतंतू यंत्रणा सुरू झाली, ती आपल्या पुण्यात. काओंना नोबेल मिळालं 2009 मध्ये. तोवर त्यांची काच आमच्या उसाच्या बांधापर्यंत पोचली होती. आज या काचेत 1550 नॅनोमीटरचा उजेड सोडला, तर किलोमीटरमागं सुमारे 0.2 डेसिबल एवढीच घट येते. सोप्या हिशेबात सांगायचं तर पंधरा किलोमीटर चालून गेल्यावरही निम्मा शिल्लक असतो. मात्र हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. केबल तुटली म्हणून तुटल्या जागी काही चमकत नाही.

म्हणून आमच्या पिशवीत ओटीडीआर असतो. केबलच्या एका टोकाला तो जोडायचा. यंत्र काचेत उजेडाचा एक झटका सोडतं आणि मग गप्प बसून वाट बघतं. काचेच्या कणाकणावर उजेडाचा अगदी थोडा अंश विखुरतो आणि त्यातला थोडा मागं फिरतो. आकाश ज्या विखुरण्यामुळं निळं दिसतं, तेच हे. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एक किलोमीटर जाऊन यायला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. परतायला लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढतं. पडद्यावर एक रेघ हळूहळू उतरत जाते. जॉइंट आला की बारीकशी पायरी, कनेक्टर आला की सुळका. जिथं तुटलं असेल तिथं रेघ कोसळते आणि पुढं नुसतं गवत. त्या थरथरत्या रेघोट्यांना आम्ही गवतच म्हणतो. नीट पोचलेल्या उजेडाची या यंत्राला काहीही खबर नसते. वाटेतून जो माघारी येतो, त्याच्यावरच त्याची सगळी भिस्त.

दिवाळी नुकतीच झाली होती, कारखान्यांचे बॉयलर पेटले होते. संध्याकाळी शिरूर-न्हावरा-पारगाव-चौफुला हा आमचा मार्ग गेला. मी शिरूरच्या टोकाला यंत्र जोडलं. आकडा आला : 27.412.

बरोबरचा पोरगा आयटीआय करून नुकताच लागलेला. तो हरखला. "सर, मीटरपर्यंत सांगतंय!"

मी त्याला म्हणालो, "हे काचेचे किलोमीटर आहेत. आपल्याला गाडी रस्त्यानं न्यायचीय."

हा फरक समजायला मला दोन वर्षं लागली होती. काच केबलमध्ये ताणून बसवलेली नसते. ती बारीक नळीत पीळ घेत सैल पडलेली असते, म्हणून केबलपेक्षा थोडी लांब भरते. केबल पुन्हा रस्त्यापेक्षा लांब, कारण ती ओढ्याला वळसा घालते, पुलावर चढते, उतरते. शिवाय प्रत्येक जॉइंटच्या चेंबरमध्ये दहा-दहा मीटरची वेटोळी घालून ठेवलेली. आम्ही त्यांना लूप म्हणतो. त्यात यंत्राला काचेचा अपवर्तनांक सांगावा लागतो. 1.468 च्या जागी 1.478 दाबलं गेलं, तर एवढ्या अंतरावर जवळपास दोनशे मीटरची फसगत. तेव्हा 27.412 या आकड्याचा खरा अर्थ एवढाच, की न्हावऱ्याच्या पुढं आंधळगावच्या शिवारात अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्यात कुठं तरी. न दिसणारा उजेड हुडकायला गावही काय नावाचं मिळावं!

आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. शिरूर तालुक्यात उसाच्या कडेला रात्री काम करायचं म्हणजे बिबट्याचं नाव न घेता त्याची आठवण ठेवायची. एकानं बॅटरी मागं धरायची, एकानं पुढं. पोरगा मधून मधून घमेल्यावर पहार आपटत होता आणि दर वेळी स्वतःच दचकत होता. मी जमीन बघत चाललो होतो. जुन्या खोदाईवरची माती दबून बसलेली असते, तिच्यावर हरळी आलेली असते. ताजी माती ओलसर, गडद, ढेकळांची. पण त्या आठवड्यात अवकाळी सरी येऊन गेल्या होत्या आणि सगळं रानच गडद दिसत होतं.

रस्त्याच्या कडेला ऊसतोडीवाल्यांच्या चार कोप्या होत्या. एक बाई चुलीपुढं भाकरी थापत बसली होती. बीडकडची असावी. आमची ये-जा ती मघापासून बघत होती.

"काय हुडकायलाव, भाऊ?"

मी म्हटलं, "ताई, इथं दोन दिवसांत कुणी खणलं का?"

तिनं पिठाच्या हातानंच दिशा दाखवली. "त्या कडंला आजच सांजंला जेसीबी आला व्हता. चारी खांदली, पाईप टाकला, बुजवून बी टाकली."

लाखांचं यंत्र अर्ध्या किलोमीटरवर येऊन थांबलं होतं. पुढचं अंतर त्या बाईनं भाकरी न करपू देता कापलं. या कामात मी एक शिकलोय. जागेवर पोचलं की यंत्र गाडीत ठेवायचं आणि माणसांना विचारायचं. मेंढरं राखणारा, दूध घालायला निघालेला, शाळेतून चालत येणारी पोरं, यांना जमिनीवरचा प्रत्येक नवा ओरखडा ठाऊक असतो. त्यांना फक्त कुणी विचारलेलं नसतं.

चारीपाशी पोचलो तर शेतकरी स्वतःच बॅटरी घेऊन आला. त्याला केबल सापडली होती. त्यानं ती लपवलीही नव्हती. उलट तुटलेली दोन टोकं ओढून घेऊन एकमेकांना पक्की गाठ मारली होती आणि आत पाऊस जायला नको म्हणून वर खताच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळून सुतळी बांधली होती.

"मी म्हणलं जुनी तार असंल, साहेब. तरी म्हणलं असू द्या, जोडून ठेवू."

पोरगा हसणार होता, मी त्याच्याकडं बघितलं. गाठ खरंच चांगली होती. दोराला पुरली असती, दाव्याला पुरली असती. या माणसानं आयुष्यात जे जे जोडलं ते गाठीनंच जोडलं होतं, आणि गाठीनं न जुळणारी वस्तू आम्ही त्याच्या बांधाखालून नेऊन ठेवली होती, त्याला पुरतं न सांगता. 2023 च्या मार्चमध्ये सरकारनं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलंय. खणण्याआधी खाली काय पुरलंय त्याची चौकशी त्यावर करता येते. चांगली सोय आहे. पण विहिरीला पाणी आहे, जेसीबी तासावर आलाय आणि ऊस वाळतोय, अशा वेळी माणूस आधी पाइप टाकतो.

इथून फार लांब नाही, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. याच शिरूर तालुक्यात. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथं उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली शेतकऱ्यांची वस्ती त्यांना सापडली. घरं, धान्याच्या कणगी, चुली, आणि नदीचं पाणी वळवून आणणारा पाट नि त्याचा बांध. मी ते वाचलं तेव्हापासून चारी खणणाऱ्यावर मला पहिल्यासारखं रागावता येत नाही. पाण्यासाठी ही जमीन उकरायचा धंदा इथं तेव्हापासून चालू आहे. आमची केबल काल-परवाची.

मग जोडायला बसलो. जेसीबीच्या दातानं केबल नुसती तुटत नाही, आधी ताणली जाते. वरून धड दिसणाऱ्या भागातही काच आतून दुखावलेली असते. म्हणून दोन्ही बाजूंनी काही मीटर छाटून टाकावी लागते. छाटल्यावर टोकं एकमेकांना पोचत नाहीत. अशा वेळी मध्ये नवा तुकडा घालायचा, म्हणजे एकाच्या जागी दोन जॉइंट आणि चोविसाच्या जागी अठ्ठेचाळीस जोड. पण साठेक मीटर मागं एक चेंबर होतं. झाकण उचललं, आतला चिखल उपसला, तर खाली दहा मीटरचं वेटोळं शांत पडलेलं. बसवताना कुणी तरी राखून ठेवलेलं. ते सोडवून पाइपातून पुढं ओढलं आणि टोकाला टोक आलं.

आमची शस्त्रक्रिया गाडीच्या डिकीत चालते, कारण धूळ आणि वारा दोन्ही नकोत. चार नळ्या, प्रत्येकीत सहा तंतू. निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा. हा क्रम आम्ही पाढ्यासारखा म्हणतो, झोपेतही चुकत नाही. रंगीत लेप सोलायचा, स्पिरिटनं पुसायचं, क्लीव्हरवर काटकोनात टोक तोडायचं, मशीनच्या खोबणीत ठेवायचं. पडद्यावर दोन केस दोन खांबांसारखे समोरासमोर येतात. बटण दाबलं की विजेची बारीक ठिणगी पडते आणि काच काचेत वितळते. मशीन सांगतं, 0.02 डेसिबल. वरून बाही चढवून तापवायची आणि तंतू ट्रेमध्ये गोल फिरवून ठेवायचा. तिसऱ्या नळीपाशी शेतकऱ्याच्या घरून चहा आला. चौथी संपली तेव्हा मध्यरात्र उलटली होती.

रिपोर्टात मी लिहिलं : 'खोदकामात केबल तुटली. पूर्ववत.' कुणी तोडली, ते लिहिलं नाही. मराठीत तशी सोय आहे. केबल तुटते, लिंक जाते, कप फुटतो, दूध उतू जातं. सगळं आपसूक होतं, कर्ता कुठं सापडत नाही. त्या रात्री मला ती सोय म्हणजे माझं मोठं मन वाटलं होतं.

ते मोठेपण उतरलं दौंडला, पुढच्याच थंडीत. दौंड म्हणजे जंक्शन, भोंग्यांचं गाव. पण जुन्या काळी याच गावानं कान टवकारून बसण्याचंही काम केलंय. 1927 साली इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन सुरू झालं, तेव्हा इकडून संदेश सोडणारं केंद्र खडकीला होतं आणि तिकडून येणारे झेलणारं केंद्र दौंडला. मध्ये चांगलं पाऊणशे किलोमीटरांचं अंतर. आपलाच आवाज शेजारी घुमत असेल, तर समुद्रापलीकडून आलेली बारीक हाक कशी ऐकू येणार? बोलणाऱ्यापासून ऐकणारा लांब ठेवावा लागतो.

ओटीडीआरमध्ये बोलणारा आणि ऐकणारा एकाच पेटीत असतात. त्यामुळं झटका सोडल्या सोडल्या यंत्र स्वतःच्याच उजेडानं दिपतं आणि अगदी जवळचे काही मीटर त्याला दिसत नाहीत. या पट्ट्याला आम्ही डेड झोन म्हणतो. त्यावर उपाय म्हणून आधी शे-दोनशे मीटरहून लांब तंतूची लाँच केबल लावायची आणि तिच्या पुढं खरी केबल जोडायची. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. माझ्यासारखा जुना माणूस मात्र घाईत ती पिशवीतच ठेवतो.

दौंडला एका मार्गाची लिंक रोज पहाटे गारठा वाढला की जायची आणि ऊन वर आलं की यायची. आम्ही पोचेपर्यंत सगळं ठीक. तीन दिवस मी दौंडपासून पाटसच्या बाजूला चेंबरमागून चेंबर उघडत गेलो. पुलाखाली बघितलं, एमआयडीसीकडं जाणाऱ्या ट्रकांना बोल लावले, रस्ता रुंदीकरणाला लावले, उंदरांनासुद्धा सोडलं नाही. चौथ्या पहाटे पोरगा म्हणाला, "सर, एकदा लाँच केबल लावून बघू का?"

त्यानं आधी 1310 नॅनोमीटरवर रेघ काढली, मग 1550 वर. पहिलीत बारीक पायरी, दुसरीत त्याच जागी चांगलाच खड्डा. याचा अर्थ ठरलेला आहे. खराब जोड असता तर दोन्हींत थोडाफार सारखा दिसला असता. लांब तरंगलांबीचा उजेड वळणावर जास्त गळतो, तेव्हा 1550 वर घट जास्त म्हणजे तंतू कुठं तरी दुमडलाय. आणि जागा? आम्ही उभे होतो त्याच खोलीत, भिंतीवरच्या पेटीत.

पेटी उघडली. आत सगळं देखणं होतं. नळ्या एकासारख्या एक, काळ्या प्लास्टिकच्या टायनं करकचून बांधलेल्या. महिनाभरापूर्वी वरिष्ठ पाहणीला येणार म्हणून मीच ती पेटी आवरली होती. थंडीनं नळी आखडायची, टाय तिला सरकू द्यायचा नाही आणि आतला तंतू कोपऱ्याशी वाकायचा. दुपारी उन्हानं नळी सैलावली की उजेड पुन्हा वाहता.

मी पक्कड घेऊन टाय कापला आणि पोराला म्हणालो, "टाय जरा घट्ट बसला होता."

तो काही बोलला नाही. त्याची नजर पेटीच्या दारावरच्या चिठ्ठीकडं गेली. तिच्यावर तारीख होती आणि खाली माझी सही.

टाय घट्ट बसला होता. केबल तुटली. शेतकऱ्यासाठी वापरलेलं वाक्य मी स्वतःसाठी वापरलं होतं, आणि दोन्ही वेळा ते तितकंच सहज जिभेवर आलं. त्याला निदान रानात खाली काय आहे ते माहीत नव्हतं. मला काच माहीत होती, थंडी माहीत होती, डेड झोनही माहीत होता. तरी तीन दिवस मी गावभर चेंबरं उकरत राहिलो. त्या दिवशीच्या रिपोर्टात मी पहिल्यांदा कर्ता घातला : 'मी आवळलेल्या टायमुळे तंतू वाकला.' कार्यालयात कुणी त्यावर काही बोललं नाही. बहुधा कुणी वाचलाच नाही.

तेव्हापासून मी पेटीत टाय हातानं फिरेल इतका सैल ठेवतो. आवरल्यासारखं दिसत नाही, पाहणीला येणारे नाक मुरडतात. आणि प्रत्येक नव्या जॉइंटपाशी दहा मीटरचं वेटोळं घालतो. केबलचा खप जास्त दिसतो म्हणून त्यावर अधूनमधून विचारणा होते. त्या वेटोळ्यांमुळं यंत्राचे आणि रस्त्याचे किलोमीटर आणखी फुटून निघतात, हेही मला कळतं. म्हणून चेंबरच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून चिकटवतो. तिच्यावर तारीख, जोडणाऱ्याचं नाव आणि पुढच्या माणसासाठी एक ओळ : ढील 10 मीटर, वजा करून मोजावे.